मासे आपले दांत पुनः पुनः कसे उगवितात

गेल्या माघ महिन्यांत आमच्या गांवच्या आठवड्याच्या बाजारांत एक औषधविक्या आला होता. त्यानें चादरीवर मुशी माशाचा वाळलेला जबडा मांडला होता. त्यांत दांतांच्या एकामागें एक अशा चार-पांच रांगा होत्या; बाहेरच्या रांगेंतले दांत उभे व आंतल्या रांगांतले मागें निजलेले. "ह्या माशाचे दांत जन्मभर पडतात आणि जन्मभर उगवतात. ह्याच्याच हाडाची ही पूड आहे. सहा महिने घ्या, बोळक्या तोंडालाही दांत येतील," असें तो सांगत होता. आमचे शेजारी आप्पा, वय सहासष्ट, दाढा बहुतेक गेलेल्या, ह्यांनीं अठराशें रुपये मोजून तीन डबे घेतले.

चैत्रांत एके सकाळीं आप्पा आमच्या ओट्यावर येऊन बसले व हंसत म्हणाले, "भाऊसाहेब, पूड लागू पडली. खालच्या हिरडीला टणक लागतें आहे. नवी दाढ फुटते आहे."

ह्या गोष्टीचा शेवट आम्ही लेखाच्या अखेरीस सांगूं. त्या विक्याच्या बोलण्यांतील पहिलें वाक्य अगदीं खरें होतें. खोट्याला खऱ्याचा टेंकू मिळाला म्हणजे शहाणा मनुष्यही फसतो. म्हणून माशाला नवे दांत कसे येतात व आपणांस कां येत नाहींत, हें आपल्या वाचकांस नीट समजावें, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहों. आमचा जन्म महसूल खात्याच्या दप्तरांत गेला. आम्ही वैद्य नव्हे. परंतु सेवानिवृत्त झाल्यापासून वाचन व विचारपूस करून जें समजून घेतलें, तें शेतकऱ्याच्या भाषेंत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

दांत घडतो कसा?

दांत म्हणजे हाडच, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. हाड मोडलें तर सांधतें, दांत मोडला तर सांधत नाहीं, एवढ्यावरूनच दोहोंतला भेद ध्यानांत येईल. दांत हा दोन थरांच्या सहकार्यानें घडतो. तोंडाच्या आंतील नाजूक कातड्याचा थर एके ठिकाणीं जाड होऊन खालीं दबतो, जणूं टोकणीसाठीं केलेला खळगाच. त्याच्या खालच्या मऊ थरांतील पेशी त्या जागीं गोळा होतात. पेशी म्हणजे जिवंत शरीराचा लहानांत लहान घटक. भिंतींत जशी वीट, तशी शरीरांत पेशी, मात्र ही वीट जिवंत असते व स्वतःच्या दोन विटा करूं शकते. वरचा थर खालच्यास व खालचा वरच्यास रासायनिक इशारे देतो. मग खालच्या थरापासून दांताचा मुख्य गाभा व त्याच्या पोटांतील मज्जा बनते, आणि वरच्या थराच्या योगानें दांताचें चकाकणारें कठीण कवच तयार होतें. मनुष्य, बैल, मगर व मासा ह्या सर्वांच्या दांतांची मूळ रीति हीच आहे. भेद आहे तो दांत किती वेळां घडतो ह्यांत.

बैलाचें तोंड व आपलें तोंड

बैल घेतांना आपण त्याचें तोंड उघडून पाहतों. गाईबैलांना वरच्या जबड्यास पुढचे दांत नसतात, तेथें एक कठीण गादी असते. खालीं आठ दांत असतात. वासराचे दुधाचे दांत सुमारें दोन वर्षांच्या वयास मधल्या जोडीपासून पडूं लागतात व त्यांच्या जागीं रुंद, मोठे दांत येतात. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती अशा पायऱ्या चढत चौथ्या-पांचव्या वर्षीं जनावर जुळतें. त्यापुढें नवा दांत नाहीं, केवळ झीज. नवा दांत येत नाहीं म्हणूनच दांतांवरून वय ओळखण्याची ही परीक्षा चालते. माशाचें तोंड पाहून कोणासही असें वय सांगतां येणार नाहीं. माशाचें वय ठरवावयाचें तर त्याच्या खवल्यांवरील, किंवा कानाच्या आंतील खड्यावरील वलयें मोजावीं लागतात.

मनुष्याचें गणितही बैलासारखेंच आहे. दुधाचे दांत २० व कायमचे ३२. ह्या बत्तिसांपैकीं वीस दुधाच्या दांतांच्या जागीं येतात. मागच्या बारा दाढांना तर दुधाची आवृत्तिच नसते. त्या जन्मांत एकदांच येतात व गेल्या म्हणजे गेल्या. ऊंस लावणाऱ्या वाचकांस एका वाक्यांत सांगावयाचें तर आपले दांत म्हणजे एक लागण व एक खोडवा. त्यापुढें फड मोडला. माशाचा खोडवा मात्र मरेपर्यंत चालतो, आणि त्याचें पीकही उतरत नाहीं.

माशांचे प्रकार

बाजारांत पाहिलेल्या मुशीपासून आरंभ करूं. मुशीच्या जातीच्या माशांचे दांत जबड्यांत रोंवलेले नसतात. ते हिरडीच्या चिवट कातड्यांत बसविलेले असतात. नवे दांत जबड्याच्या आंतल्या बाजूस खोल तयार होतात आणि राहाटगाडग्याचीं गाडगीं जशीं एकामागून एक वर येतात, तसे रांगेनें पुढें सरकतात. कड्यावर आलेला दांत उभा राहून काम करितो, झिजला कीं गळतो, व मागचा पुढें येतो. अशा रीतीनें एक मुशी जन्मभरांत हजारों दांत वापरते. पाणी उबदार असेल तर हा राहाट जलद फिरतो. थंडींत तो मंदावतो.

हाडाच्या सांगाड्याच्या माशांत दांत हाडाला चिकटलेले असतात, तरी तेही बदलतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला पॅसिफिक लिंगकॉड नांवाचा एक शिकारी मासा आहे. २०२१ सालीं वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं त्याच्या दांतांचा हिशेब प्रसिद्ध केला. मासे आधीं एका रंगाच्या पाण्यांत ठेविले, त्यामुळें त्या वेळचे सर्व दांत रंगले. दहा दिवसांनीं दुसऱ्या रंगाच्या पाण्यांत ठेविले. ज्या दांतांवर केवळ दुसराच रंग दिसला, ते मधल्या दिवसांत आलेले नवे दांत. ही मोजणी करितां असें दिसलें कीं, ह्या माशाच्या तोंडांत सुमारें ५५५ दांत असतात व दररोज सुमारें २० दांत गळून तितकेच नवे येतात. म्हणजे सरासरीनें एक महिन्याच्या आंत सारें तोंड नवें होतें.

आपल्या शेततळ्यांतील रोहू, कटला व मृगळ ह्यांच्या तोंडांत बोट घालून पाहिलें तर एकही दांत लागत नाहीं. ह्यावरून त्यांस दांतच नाहींत असें समजूं नये. त्यांचे दांत घशांत, कल्ल्यांच्या मागें असतात. गवत्या मासा जें गवत फाडतो तें ह्याच घशांतल्या दांतांनीं. ज्यास आपण सायप्रिनस म्हणतों त्या माशाचे घशांतले दांत दाढेसारखे चपटे असून ते वरच्या बाजूस कवटीच्या तळाशीं असलेल्या कठीण गादीवर दाणा रगडतात. खालीं दांत व वर गादी ही मांडणी गाईच्या पुढच्या तोंडाची आठवण करून देते. भेद इतकाच कीं गाईचा दांत झिजला कीं संपला. ह्या माशांचा झिजला कीं त्याच्या शेजारचा कोंवळा दांत त्याची जागा घेतो.

बियाण्याची कणगी

आतां मुख्य प्रश्न असा कीं, हे नवे दांत येतात कोठून? ह्याचें उत्तर एका फार लहान माशानें दिलें आहे. जपानांत भातखाचरांत व पाटांत मेडाका नांवाचा सुमारें सव्वा इंच लांबीचा मासा आढळतो. त्याच्या घशांत एक हजारापर्यंत दांत असतात. २०१४ सालीं जपानी संशोधकांनीं त्याच्या घशांतील दांतांची पाहणी केली, तेव्हां असें आढळलें कीं, हे दांत कुटुंबांनीं राहतात. प्रत्येक कुटुंबांत एक काम करणारा दांत व त्याच्या मागें उमेदवार दांत, अशा जास्तींत जास्त पांच पिढ्या एकाच वेळीं असतात. आणि काम करणारा दांत सुमारें चार आठवड्यांनीं बदलतो.

ह्या प्रत्येक कुटुंबाच्या मागच्या टोंकाशीं कांहीं थोड्या पेशींचा एक झुबका असतो. ह्यांस मूळपेशी म्हणतात. इंग्रजींत त्यांस स्टेम सेल हें नांव आहे. सामान्य पेशी आपलें काम करिते व मरते. मूळपेशी दुभंगली म्हणजे तिच्या दोन लेंकींपैकीं एक कामाला निघून जाते व दुसरी आईच्या जागीं मूळपेशी म्हणूनच राहूं शकते. पूर्वीं आपल्या घरांत ज्वारीची रास झाल्यावर बियाण्याची कणगी वेगळी लिंपून ठेवीत. घरांत कितीही टंचाई आली तरी त्या कणगीला हात लावावयाचा नाहीं, असा दंडक असे. खावयाचें धान्य संपे, पण पेरणी चुकत नसे. मूळपेशी ही शरीराची अशी बियाण्याची कणगी होय.

ह्या पेशी ओळखल्या कशा, तेंही ऐकण्यासारखें आहे. पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या आंतील जनुकांची नक्कल करिते. त्या नकलेंत शिरेल असा एक खुणेचा पदार्थ माशांस कांहीं काळ दिला व नंतर बंद केला. जी पेशी भराभर दुभंगते तिच्यांतील खूण प्रत्येक वांटणीस अर्धी होत जाते व शेवटीं दिसेनाशी होते. जी सावकाश दुभंगते तिच्यांत ती दीर्घकाळ टिकते. आम्हीं तीस वर्षें सातबाऱ्याच्या नोंदी लिहिल्या, म्हणून हें आम्हांस चटकन समजलें. ज्या घरांत पिढ्यानपिढ्या वांटण्या झाल्या तेथें क्षेत्र गुंठ्यांवर आलेलें असतें. जेथें वांटणी झाली नाहीं तेथें मूळ गट तसाच दिसतो. मेडाकाच्या घशांत खूण टिकलेल्या पेशी दांतांच्या प्रत्येक कुटुंबाच्या मागेंच सांपडल्या, वरच्या थरांत व त्याच्या लगतच्या खालच्या थरांतही. वरच्या थरांतील ह्या पेशींत सॉक्स-दोन नांवाचें एक जनुक जागें असलेलें आढळलें. मूळपेशी असल्याची ही एक ओळखीची खूण आहे. २०१६ सालीं मुशीच्या जातीच्या माशांतही दांतांच्या पट्टींत सॉक्स-दोनच्या अशाच पेशी असल्याचें प्रसिद्ध झालें. म्हणजे ज्या माशांच्या वंशांची फाटाफूट होऊन चाळीस कोटींहून अधिक वर्षें लोटलीं, त्यांच्या घरीं बियाण्याची कणगी एकाच जातीची आहे.

जुना दांत पडतो कसा?

मागून नवा दांत वाढूं लागला म्हणजे हाडाच्या माशांत आणखी एका जातीच्या पेशी कामाला लागतात. त्या जुन्या दांताचा तळ व तो ज्या हाडाला चिकटला असतो तें हाड हळूहळू विरघळवितात. मग दांत सुटतो, नवा त्या जागीं येतो व त्याच्याभोंवतीं पुनः हाड धरतें. ह्याचा पुरावा वाचकांच्या घरींच आहे. लहान मुलाचा पडलेला दुधाचा दांत हातांत घेऊन पाहावा. त्याला मूळ जवळजवळ नसतेंच. मूळ नव्हतें असें नव्हे. खालून येणाऱ्या दांताच्या वेळीं अशाच पेशींनीं तें खाऊन टाकिलेलें असतें. माशाच्या तोंडांत जें नित्य चालतें, तें मुलाच्या तोंडांत एकदां घडतें.

मग आपणांस कां नाहीं?

मनुष्याच्या गर्भांतही दांत उगविणारी कोंवळ्या कातड्याची पट्टी असते. दुधाचे दांत तिच्यांतून येतात, कायमच्या दांतांचे अंकुरही तिच्यांतूनच येतात. त्यानंतर ती पट्टी तुकडे तुकडे होऊन नाहींशी होते. मगरीची पट्टी शाबूत राहते. तिच्या प्रत्येक दांताच्या खालीं दुसरा दांत व त्याच्या शेजारीं बियाण्याची पट्टी असते, त्यामुळें एका जागीं जन्मभरांत पन्नासांपर्यंत दांत येऊं शकतात.

दूध पाजणाऱ्या प्राण्यांनीं हें वैभव कां गमावलें? त्याचें कारण चावण्यांत आहे असें विद्वान् मानितात. मासा व मगर बहुधा भक्ष्य पकडून गिळतात. त्यांना दांतावर दांत बरोबर बसण्याची तितकी गरज नसते. आपण व बैल दाणा व वैरण रगडतों. जात्याचे दोन दगड एकमेकांस बसले पाहिजेत. त्यांतला एक दगड दर महिन्यास बदलला तर पीठ कधींच बारीक पडणार नाहीं. नेमके जुळणारे दांत मिळविले व त्याची किंमत म्हणून नवे दांत येणें सोडलें, असा हा सौदा दिसतो.

कांहीं प्राण्यांनीं ह्यांत मधली वाट काढिली आहे. हत्तीच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस जन्मांत सहा दाढा येतात, त्या एकामागून एक मागून पुढें सरकतात. शेवटची झिजली कीं म्हाताऱ्या हत्तीला चारा चावेनासा होतो. आपल्या धान्याचे वैरी उंदीर व घूस ह्यांचे पुढचे दांत पडत नाहींत, पण बुडाशीं मूळपेशी कायम असल्यामुळें ते जन्मभर वाढत राहतात. न कुरतडतील तर ते दांत बेसुमार वाढून खाणेंच अशक्य होईल. कोठीचें दार ते केवळ भुकेनेंच कुरतडीत नाहींत, हें शेतकऱ्यानें जाणावें.

पूड खाऊन दांत येईल काय?

वरील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, नवा दांत हा जिवंत पेशींचें काम आहे. त्या पेशी आपल्या जागीं असल्या पाहिजेत, शेजारच्या थराचे इशारे त्यांस मिळाले पाहिजेत, आणि ते योग्य वेळीं मिळाले पाहिजेत. वाळविलेल्या, कुटलेल्या हाडांत एकही पेशी जिवंत नसते. असली तरी पोटांत ती पचून जाते. उंसाच्या बुडख्याची राख खाल्ल्यानें कोणाच्या अंगाला ऊंस फुटत नाहीं. मुशीच्या सांगाड्याच्या पुडीनें पोटांत जाईल तो थोडा चुना.

शास्त्रज्ञांचा प्रयत्न मात्र चालू आहे व तो निराळ्या मार्गानें आहे. जपानांत असें आढळून आलें कीं, दांताच्या वाढीस आवर घालणारें एक प्रथिन शरीरांत असतें. त्यास अडविणारें औषध दिल्यावर उंदरांत व फेरेट नांवाच्या लहान मांसाहारी प्राण्यांत नवा दांत उगवला, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. २०२४ सालीं क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयांत ह्या औषधाची मनुष्यांवर पहिली परीक्षा सुरू झाली. ह्या पहिल्या पायरीचा हेतु तें औषध निर्धोक आहे कीं नाहीं हें पाहण्याचा होता. जें काम रुग्णालयांत एवढ्या सावधगिरीनें चाललें आहे, तें बाजारांतल्या चादरीवर डब्यांत मिळतें, ह्यावर विश्वास कसा ठेवावा?

आप्पांची दाढ

आतां आप्पांकडे वळूं. सहासष्टाव्या वर्षीं दाढ फुटते हें ऐकून आम्हांस आनंद न होतां काळजी वाटली. आम्हीं विचारलें, "आप्पा, दुखतें का? रक्त येतें का?" ते म्हणाले, "दुखत नाहीं. बोट फिरविलें तर रक्त येतें. मुलाची दाढ येतांनाही हिरडी अशीच होते कीं!" आम्हीं उजेडांत नेऊन पाहिलें. टणक गांठ होती, तिच्या शेजारीं पांढरा चट्टा होता, आणि चाळीस वर्षें तंबाखूची गोळी ज्या गालांत राहत आली तीच ती बाजू. दुसऱ्याच दिवशीं त्यांस जिल्ह्याच्या रुग्णालयांत घेऊन गेलों. तुकडा काढून तपासला. तो कर्करोग निघाला. दोन महिने पुडीच्या भरंवशावर गेले होते, तरी सुदैवानें तो पसरला नव्हता. शस्त्रक्रिया झाली. ह्या दिवाळीस आप्पा आमच्या ओट्यावर बसून दुधांत कुस्करलेली भाकरी खात होते. तंबाखू सुटली आहे. उरलेले दोन डबे त्यांनीं शेणखताच्या खड्ड्यांत टाकिले.

आपल्या वाचकांस आमची एवढीच विनंति आहे. पहिली गोष्ट, सुमारें सहाव्या वर्षीं मुलाच्या दुधाच्या दांतांच्या मागें जी दाढ येते ती कायमची असते. दुधाची समजून तिची हेळसांड करूं नये. दुसरी, घरांतील बायकांची मिश्री व पुरुषांची तंबाखू ह्या दोन्ही बंद कराव्या. तिसरी, तोंडांतील जखम, गांठ किंवा पांढरा-तांबडा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाहीं तर तो दुखो वा न दुखो, डॉक्टरांस दाखवावा. चौथी, दांत झिजलेल्या म्हाताऱ्या जनावरास कडबा अख्खा न टाकतां बारीक कुट्टी करून घालावा. त्यालाही नवा दांत यावयाचा नाहीं. आणि पांचवी, मोठ्या वयांत हिरडीला कांहीं टणक लागलें तर तें देवानें दिलेली नवी दाढ आहे असें समजून घरीं बसूं नये. क्वचित् हिरडींत अडकून राहिलेला जुना दांत उशीरा वर येतो; परंतु तो आहे कीं दुसरें कांहीं, हें आपण ठरवावयाचें नसतें, तपासणाऱ्यानें ठरवावयाचें असतें.

शेततळ्यांतला मासा पुढच्या महिन्यांत नवे दांत लावून चरत असेल. आपल्या तोंडांतला खोडवा शेवटचा आहे, हें ओळखून त्याची राखण करावी, इतकें सांगून हा लेख पुरा करितों.